मोटर मोठी घेऊ का? : सर्व्होवाल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात सर्व्हो (आपली जागा आणि वेग स्वतः तपासत चालणारी मोटर), तिला चालवणारा ड्राइव्ह आणि रोबोटच्या मोटरींबद्दल विचारा असं म्हटलं होतं, तर उद्यमबागेपासून अथणीपर्यंत पत्रं आलीत. बऱ्याच पत्रांचा सूर एकच, ड्राइव्ह खराब आहे का आणि नवीन कुठला घेऊ. त्यातली निवडक इथे घेतोय, पहिल्याला जरा जास्त जागा गेलीय कारण तीच तक्रार निम्म्या वर्कशॉपांत असणार.

उद्यमबाग, बेळगावहून एक वर्कशॉपवाले: सीएनसी लेथवर जॉब चढवायला-उतरवायला आम्ही स्वतःच गॅन्ट्री (खांबांवर सरकणारा लोडर) बनवलीय. आडवा ॲक्सिस टायमिंग बेल्टवर, ७५० वॅटचा एसी सर्व्हो, पुली थेट मोटरच्या शाफ्टवर, पुलीचा पिच व्यास ५० मिमी. सरकणारं वजन जॉब धरून ४० किलो, वेग सेकंदाला १ मीटर पाहिजे. थांबताना सगळं दोन-तीनदा मागंपुढं होऊनच थांबतंय. गेन (चूक दिसली की मोटरनं किती जोरात सुधारायचं ते सेटिंग) वाढवला की मोटर गुंगगुंग करायलीय, कमी केला की फॉलोइंग एररचा, म्हणजे हुकमाच्या मागं पडल्याचा अलार्म. सप्लायर म्हणतोय मोटर छोटी पडली, दीड किलोवॅटची घ्या. घेऊ का?

नका घेऊ, निदान हा हिशोब वाचेपर्यंत तरी नका. तुमच्या सप्लायरनं टॉर्क बघितला असणार आणि खरं म्हणजे टॉर्क पुरतोय. ४० किलोला सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद असा वेग चढवायचा म्हटलं तर बळ लागतं ८० न्यूटन, पुलीची त्रिज्या २५ मिमी, म्हणजे टॉर्क २ न्यूटन-मीटर. ३००० आरपीएमच्या ७५० वॅट मोटरचा रेटेड टॉर्क साधारण २.३९ असतो आणि थोड्या वेळापुरता त्याच्या तिप्पटीपर्यंत ती देऊ शकते. मग मोटर छोटी कुठं पडली?

घोळ जडत्वात आहे. मोटरच्या शाफ्टवरून बघितलं तर तुमच्या ४० किलोचं जडत्व म्हणजे वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग, येतं ०.०२५ किलो-मीटर वर्ग, कॅटलॉगच्या भाषेत २५० किलो-सेंटीमीटर वर्ग. या साइजच्या मोटरच्या रोटरचं जडत्व असतं एकच्या आसपास, मॉडेलप्रमाणे थोडं इकडं तिकडं. म्हणजे एकास अडीचशे. लहान पोराच्या हातात म्हशीचा कासरा दिल्यासारखं झालंय हे, पोरगं थांबलं तरी म्हैस थांबत नाही, वर मध्ये पट्टा आहे तो थोडा ताणतो थोडा सैल होतो. साधारण १० च्या आत हे गुणोत्तर ठेवावं असा अनुभव आहे, चांगले ड्राइव्ह ३० पर्यंतही ओढून नेतात पण अडीचशे म्हणजे कुणाचंच काम नाही.

आता दुसरी गंमत बघा. सेकंदाला १ मीटर म्हणजे मिनिटाला ६० मीटर, पुलीचा घेर १५७ मिमी, म्हणजे पुली फिरतेय ३८२ आरपीएमनं. ३००० आरपीएमची मोटर तुम्ही ३८२ वर पळवताय, तिची सात अष्टमांश ताकद नुसती पडून आहे. मध्ये ७ ला १ चा प्लॅनेटरी गिअरबॉक्स टाका. मोटर फिरेल २६७४ ला, वेग तोच राहील, आणि जडत्व गिअरच्या वर्गानं भागलं जातं, म्हणजे २५० भागिले ४९, साधारण ५. अडीचशेवरून पाचवर! मोटरवर येणारा टॉर्क पण दोनवरून ०.३ च्या घरात उतरतो, रोटरचं स्वतःचं जडत्व धरलं तरी ०.३५ च्या पुढं जाणार नाही. दीड किलोवॅटच्या मोटरचा रोटर जड असल्यानं थोडा फरक पडला असता हे खरं, पण ड्राइव्ह मोठा, केबल मोठी, पॅनेल मोठं आणि दुखणं अर्धंच गेलं असतं. गिअरबॉक्सच्या प्लेची (ढिलाईची) काळजी वाटत असेल तर ५ आर्क-मिनिटांचा (आर्क-मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) प्ले म्हणजे तुमच्या पट्ट्यावर ०.०४ मिमीसुद्धा नाही, लेथच्या लोडरला ते चालतं.

पण गिअरबॉक्स ऑर्डर करायच्या आधी एक करा. ड्राइव्हची पॉवर बंद करा, मोटरची पुली हातानं घट्ट धरा आणि दुसऱ्याला ग्रिपर (जॉब धरणारा पंजा) हलवायला सांगा, तिथं डायल गेज लावून बघा. पुली हलत नाही आणि ग्रिपर मात्र हलतोय असं दिसलं तर तो प्ले ड्राइव्हला कधीच दिसणार नाही, कारण एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते मोजणारा) मोटरच्या ढुंगणाला बसलाय, ग्रिपरला नाही. १७ बिटचा एन्कोडर एका फेरीचे १,३१,०७२ भाग करतो, तुमच्या पुलीवर ते साधारण १.२ मायक्रॉन पडतात, म्हणून स्क्रीनवर एरर शून्य दिसतो आणि तिकडं जॉब चकमध्ये वाकडा बसतो. कपलिंगचे, पुलीचे ग्रब स्क्रू, पट्ट्याचा ताण, लिनिअर गाइडचे बोल्ट, आणि मुख्य म्हणजे तो खांब ज्यावर सगळं उभं आहे, हे एकेक तपासा. आपल्याकडं खांबाला चॅनेल वेल्ड करून खाली चार अँकर मारले की झालं असं समजतात. पट्टा नुसता रबरी असेल तर आत स्टीलची दोरी असलेला पॉलियुरेथेनचा घ्या, फरक हाताला कळतो.

हे सगळं झालं की मगच ट्यूनिंग. ड्राइव्हच्या आत तीन लूप (मोजायचं, चूक बघायची, सुधारायची अशी चक्रं) एकात एक बसलेले असतात, सगळ्यात आत करंटचा, म्हणजे टॉर्कचा, तो सेकंदाला हजारो वेळा चालतो आणि कंपनीनं मोटरप्रमाणे सेट केलेला असतो, त्याला हात लावू नका. त्याच्या बाहेर स्पीडचा, त्याच्या बाहेर पोझिशनचा. आतला लूप बाहेरच्यापेक्षा बराच चपळ पाहिजे, नाहीतर बाहेरचा हुकूम देतो आणि आतला अजून आधीच्याच हुकमावर असतो, तुमची मागंपुढं होणारी गाडी ती हीच. म्हणून आतून बाहेर या. आधी इनर्शिया रेशोचा (वरच्या जडत्वाच्या गुणोत्तराचा) पॅरामीटर खरा भरा, पोझिशन गेन खाली आणा, स्पीडचा इंटिग्रल (साठत गेलेली चूक भरून काढणारा भाग) जवळजवळ बंद करा. मग स्पीड गेन थोडा थोडा वाढवत न्या, गुंग आवाज आला की तिथून तीस-चाळीस टक्के खाली या. मग इंटिग्रल, शेवटी पोझिशन गेन. बरीच मंडळी उलटं करतात, फॉलोइंग एरर आला की आधी पोझिशन गेनलाच पिळतात.

आणि त्या गुंग आवाजाची फ्रिक्वेन्सी काढायला ऑसिलोस्कोप लागत नाही. मोबाइलमध्ये साउंड स्पेक्ट्रमचं कुठलंही फुकट ॲप घ्या, मोटरजवळ धरा, एक सुळका उंच दिसेल. समजा २४० हर्ट्झला आला तर ड्राइव्हच्या नॉच फिल्टरमध्ये (तेवढी एकच फ्रिक्वेन्सी दाबणारा) तेवढेच भरा. कंप्रेसर मात्र तेवढा वेळ बंद ठेवा, नाहीतर त्याचाच सुळका भरून बसाल.

निपाणीहून, पाऊच पॅकिंगचं युनिट चालवणारे: फिल्म ओढायला सर्व्हो आहे. पळताना काही नाही, थांबतानाच ओव्हरव्होल्टेजचा अलार्म येतोय, रात्रपाळीत जास्त. इलेक्ट्रिशियन म्हणाला हेस्कॉमचं व्होल्टेज चढतंय, म्हणून महागडा स्टॅबिलायझर बसवला. तरी येतोयच.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. इलेक्ट्रिशियन अर्धा बरोबर आहे, पण अर्धाच. अलार्म लाइनच्या व्होल्टेजचा नाहीये, ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसचा, म्हणजे मोटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डीसी लाइनचा आहे. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झालं की सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतं. मोटर ब्रेक मारते तेव्हा ती जनरेटर बनते आणि फिरणाऱ्या रोलची सगळी ऊर्जा मागं त्या बसमध्ये ढकलते, तिथल्या कपॅसिटरमध्ये. रेक्टिफायर एकेरी रस्ता आहे, लाइनमध्ये परत जाता येत नाही, मग बसचं व्होल्टेज चढत जातं आणि चारशेच्या आसपास कुठंतरी ड्राइव्ह ट्रिप होतो. रात्री लाइन २५० झाली की बस सुरुवातीलाच ३५४ वर असते, वर चढायला जागा कमी उरते, म्हणून रात्री जास्त. स्टॅबिलायझरनं ती जागा थोडी वाढली इतकंच.

उपाय म्हणजे ब्रेकिंग रेझिस्टर, तो ही जादा ऊर्जा उष्णता करून घालवतो. छोट्या ड्राइव्हमध्ये बऱ्याचदा तो आत नसतोच, टर्मिनल दिलेले असतात आणि ते मोकळे सोडलेले असतात. मोठ्यांत आतला असतो आणि बाहेरचा लावताना आतल्याची पट्टी काढायची असते, मॅन्युअलमध्ये चित्र असतं ते बघून करा. ओहमची किमान मर्यादा पाळा, त्याच्यापेक्षा कमी ओहमचा लावला तर ब्रेकचा ट्रान्झिस्टर जाईल. तो रेझिस्टर तापतो, चांगलाच तापतो, वायरच्या गुंडाळीवर आडवा ठेवून देऊ नका. आणि आजच्या आज फुकटात करायचं तर थांबण्याचा वेळ थोडा वाढवून बघा, कित्येकदा ०.१ सेकंदाचं ०.१५ केलं की विषय संपतो.

बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या विद्यार्थिनी, फायनल इयर प्रोजेक्ट: आर्डुइनोवर पाच जोडांचा रोबोटिक आर्म केलाय, एमजी ९९६ आर सर्व्हो. सगळे एकदम हलवले की आर्डुइनो रीसेट होतो आणि आर्म कापतो. कोडमध्ये काय चुकलं?

कोडमध्ये बहुतेक काहीच नाही पोरींनो. तुम्ही सर्व्होंना वीज आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून दिलीय ना? असा एक सर्व्हो अडकला की दोन-अडीच ॲम्पिअर ओढतो, पाच मिळून किती झाले बघा, बिचारा बोर्ड काही शे मिलीॲम्पिअरचा. व्होल्टेज कोसळतं, बोर्ड झोपतो आणि परत उठतो. वेगळी ५-६ व्होल्टची १० ॲम्पिअरची एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घ्या, तिची ग्राउंड आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडा (हे विसरलं की सर्व्हो वेड्यासारखे नाचतात), सर्व्होंजवळ एक मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर टाका.

खांद्याच्या जोडाचा हिशोबही करा. याचा स्टॉल टॉर्क दहा-अकरा किलो-सेंटीमीटर सांगतात, पण स्टॉल म्हणजे अडकून बसल्यावरचा, कामाला त्याचा निम्मा धरा. ३० सेंमी लांब आर्मच्या टोकाला २०० ग्रॅम म्हणजेच ६ झाले, आर्मचं आणि पुढच्या सर्व्होंचं वजन वेगळंच. खांद्याला एक नाही पुरणार, दोन लावा नाहीतर मागं स्प्रिंग लावून वजन तोला. व्हायव्हाला विचारतील म्हणून सांगतो, या सर्व्होला दर २० मिलिसेकंदाला एक पल्स जाते, पल्स १ मिलिसेकंदाची की २ ची यावरून त्याला कोन कळतो, पण तो तिथं पोचला की नाही हे तो आर्डुइनोला उलट कधीच सांगत नाही. लूप त्याच्या पोटात आहे, तुमच्या हातात नाही.

खानापूर, फर्निचरवाले: लाकडावर कोरीवकाम करायला राउटर घेतलाय, नेमा २३ साइजची स्टेपर (पावलापावलानं फिरणारी) मोटर. खोल कट घेतला की नक्षी सरकते. सर्व्हो घालू?

स्टेपर पावलं गाळतोय आणि त्याला स्वतःला ते माहीतच नाही, ओपन लूप म्हणजे हेच. वेग वाढला की स्टेपरचा टॉर्क झपाट्यानं पडतो, कॅटलॉगमधला आकडा थांबलेल्या मोटरचा असतो. आधी सप्लाय बघा, २४ व्होल्टचा असेल आणि ड्रायव्हरला चालत असेल तर ४८ चा लावा, वरच्या वेगाला बराच जीव येतो. ॲक्सिलरेशन कमी करा, सागवानात एका दमात खोल न जाता दोन पासमध्ये जा. मायक्रोस्टेपिंग (एका पावलाचे बारीक तुकडे) ३२ केलं म्हणून ताकद किंवा अचूकता वाढत नाही, चाल फक्त गुळगुळीत होते. एवढं करून भागलं नाही तर क्लोज्ड लूप स्टेपर घ्या, मागं एन्कोडर असतो, पावलं गाळली तर भरून काढतो आणि नाहीच जमलं तर अलार्म देऊन थांबतो. तुमच्या कामाला पूर्ण एसी सर्व्होचा खर्च मला तरी पटत नाही.

मच्छे, फॅब्रिकेशन: सेकंडहँड वेल्डिंग रोबोट आणलाय. गणपतीच्या सुट्टीत मेन स्विच बंद ठेवला, परत चालू केला तर म्हणतोय पोझिशन हरवली.

एन्कोडरची बॅटरी संपलीय. मल्टीटर्न ॲब्सोल्यूट एन्कोडर किती फेऱ्या झाल्या ते बॅटरीवर लक्षात ठेवतो, मेन चालू असताना बॅटरी मेलेली कळतच नाही, सुट्टीत कळते. मेनूत बॅटरीची वॉर्निंग आधीपासून येत असणार, कुणीतरी ओके दाबत आलं असेल. नवीन बॅटऱ्या नेहमी कंट्रोल पॉवर चालू ठेवून, इमर्जन्सी स्टॉप दाबून बदलायच्या. आता मात्र मास्टरिंग करावं लागेल, प्रत्येक जोडावर खुणा असतात, त्या जुळवून शून्य परत शिकवायचा. खुणांवर रंगाचा थर चढला असेल तर रॉकेलनं पुसून काढा, आधी खरवडू नका. आणि जुन्या प्रोग्रामवर थेट वेल्डिंग सुरू करू नका, एक-दोन मिमीचा फरक राहतोच, पॉइंट कमी वेगात तपासून घ्या.

हात वर असताना मोटर काढायची वेळ आली तर आधी हाताला खालून टेकू द्या. ब्रेक मोटरमध्येच असतो, मोटर निघाली की तो पण निघाला. आणि तो ब्रेक धरून ठेवायचा आहे, पळता हात रोज त्याच्यावर थांबवलात तर लवकरच झिजून जाईल.

गोकाकहून: शेजारी वेल्डिंग सुरू झालं की एन्कोडर एरर येतो. ड्राइव्ह बदलून पाहिला, तेच.

मोटरची पॉवर केबल आणि एन्कोडरची केबल एकाच ट्रेमध्ये एकमेकींना चिकटून गेल्यात का? वेगळ्या करा, निदान वीतभर. शिल्डला (केबलवरच्या धातूच्या जाळीला) शेपटासारखी वायर पिळून लांबून अर्थला नेली असेल तर ती असून नसल्यासारखी, शिल्ड सोलून क्लॅम्पनं सगळ्या बाजूंनी पॅनेलच्या प्लेटवर दाबा, आणि प्लेटचा रंग तिथं खरवडून काढा. वेल्डिंगचा रिटर्न क्लॅम्प जॉबलाच, जोडाच्या जवळ लावायला सांगा. लांब कुठंतरी शेडच्या अँगलला लावला की तो करंट तुमच्या मशीनमधून वाट काढत जातो.

चिक्कोडी: ड्राइव्ह चालू केला की ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की उडणारा स्विच) उडतो. काढून टाकू का?

नाही. ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थकडे जातच असतो, दोन-तीन ड्राइव्ह मिळून तीसच्या वर जातो, म्हणून उडतो. मॅन्युअलमध्ये कुठल्या टाइपचा, किती रेटिंगचा चालेल ते दिलेलं असतं, मशीनसाठी तो वेगळा घ्या आणि अर्थिंग मोजून घ्या. प्लगच्या सर्किटांवरचा ३० चा तसाच राहू दे.

अथणीहून एक शिक्षक: पहिले रोबोट विजेच्या मोटरवर नव्हते असं वाचलं, खरं का?

खरं आहे, आणि आपल्या भागातल्या हायड्रॉलिकवाल्यांना आवडेल असं आहे. १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात लागलेला युनिमेट तेलाच्या दाबावर चालायचा. डाय कास्टिंगचे गरम तुकडे उचलायचं काम, त्या काळच्या मोटरींना तेवढ्या आकारात तेवढी ताकद जमत नव्हती. मायक्रोप्रोसेसरवर चालणारा पूर्ण विजेचा रोबोट स्वीडनच्या एएसईए कंपनीनं १९७४ मध्ये आणला. एसी मोटरचा टॉर्क डीसीसारखा हातात ठेवायची वेक्टर कंट्रोलची पद्धत पण त्याच सुमारास जर्मनीत आकाराला आली, पण ते गणित सेकंदाला हजारो वेळा करायचं तर स्वस्त प्रोसेसर पाहिजेत, ते यायला आणखी वर्षं गेली. १९८० च्या दशकात निओडिमियमचे मॅग्नेट आले आणि मोटर मुठीएवढी झाली. तेल अजून गेलेलं नाही बरं का, जिथं टनांत दाबायचं तिथं तेच.

खानापूर तालुक्यातून, आयटीआयचा विद्यार्थी: सर, मला ड्राइव्ह रिपेअरिंग शिकायचंय, घरी काय करता येईल?

भंगारात एखादी जुनी सर्व्हो मोटर मिळते का बघ, एन्कोडर गेलेली चालेल, ब्रेकवाली नको, तिचा शाफ्ट विजेशिवाय फिरतच नाही. शाफ्ट हातानं फिरव, सहज फिरेल. मग यू-व्ही-डब्ल्यू तिन्ही वायरी एकत्र पिळून परत फिरव, शाफ्ट जड लागेल, जेवढं जोरात फिरवशील तेवढं जास्त. डायनॅमिक ब्रेक म्हणतात तो हाच, आणि निपाणीवाल्यांची ऊर्जा कुठून येते ते पण त्यातच कळेल. वायरी सोडून मल्टीमीटर एसीवर लावून फिरवलास तर व्होल्टेज दिसेल, तिन्ही जोड्यांत सारखं आलं तर वाइंडिंग बहुतेक ठीक.

ड्राइव्ह उघडायची घाई मात्र करू नको. पॉवर काढली तरी आत तीनशेच्या वर व्होल्ट बसलेले असतात, चार्जचा दिवा विझेपर्यंत थांब, मॅन्युअलमध्ये लिहिलेली मिनिटं जाऊ दे आणि मग मीटरनं मोजूनच हात घाल. आणि मोटरवर पुली बसवताना हातोडा वापरायचा नाही, शाफ्टच्या टोकाला आटे पाडलेले असतात, त्यात बोल्ट घालून पुली हळूहळू ओढून घ्यायची. बऱ्याच मोटरींत मागं एन्कोडरची चकती काचेची असते, हातोड्याच्या धक्क्यानं ती फुटते.